भिंतीपलीकडची आई

बसा, बसा. खुर्च्या तुमच्या मापाच्या नाहीत, मला माहीत आहे. गुडघे छातीला लागत असतील तर लागू देत, थोडा वेळ सोसा. उद्यापासून तुमची पोरं या खोलीत बसणार आहेत आणि त्यांना इथलं सगळंच मापाबाहेरचं वाटणार आहे. तुम्हालाही जरा कळू दे. अहो बाबा, तुम्ही, शेवटच्या ओळीतले! फोन खिशात ठेवा. आणि त्या भिंतीला टेकून बसू नका, खुर्ची जरा पुढे घ्या. का ते सांगते.

दरवर्षी शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मी बालवर्गाच्या पालकांना असं बोलावते. पूर्वी सूचनांचा कागद वाटायचे. मुलांना वेळेवर झोपवा, स्वतःला उघडता येईल असा डबा द्या, नाडीची चड्डी नको, असलं सगळं. पालक तो कागद छान घडी घालून पर्समध्ये ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी फाटकात नेमकं उलटं वागायचे. शेवटी मी हात टेकले. आता कागदबिगद काही नाही, मी फ्रेमवाल्या काकूंची गोष्ट सांगते. ऐकून काही जण घाबरतात. घाबरलेले बरे, असं माझं मत आहे.

काकूंचं दुकान मागच्या गल्लीत. आमचं फाटक मोठ्या रस्त्यावर, त्यांचं दार गल्लीत, आणि एकीकडून दुसरीकडे जायचं तर इस्त्रीवाल्याच्या कोपऱ्यावरून वळसा घालावा लागतो. त्यामुळे कित्येक वर्षं माझ्या डोक्यातच आलं नाही, की ही मागची भिंत आमच्या एकट्यांची नाही. हिची एक बाजू आमची, दुसरी त्यांची.

काकू ठेंगण्या, मनगटं रुंद, केस घट्ट बांधलेले, बोटांवर काचेचे बारीक ओरखडे. दुकान नवऱ्याने थाटलेलं. तो आजारपणात गेला तेव्हा गल्लीला वाटलं, आता शटर ओढलं जाणार. काकूंनी काच कापायची हिरकणी हातात घेतली. पहिल्या महिन्यात जेवढी काच बसवली त्याच्या दुप्पट फोडली, असं त्या स्वतःच हसत हसत सांगायच्या. पण हात बसला. लाकडी पट्टीचा कोपरा असा जुळवायच्या, की सांधा शोधून दाखवा. एखाद्याने फोटो आणून दिला, की त्याला म्हणायच्या, "माणूस असेल वाकडा, फ्रेम सरळ करून देईन."

पण एक विचित्र खोड होती बाईंची. सकाळी आमच्या शाळेची घंटा झाली, की भिंतीलगतच्या बाकड्यावर जाऊन बसायच्या, आणि बाराची घंटा होईपर्यंत जागच्या हलायच्या नाहीत. गिऱ्हाइकाने स्वतः आत यायचं, स्वतःच पट्ट्यांचे नमुने काढून त्यांच्यापुढे धरायचे. बाहेर गाडीत मोठा आरसा आहे, जरा येऊन बघा म्हटलं, की उत्तर ठरलेलं: "बारानंतर." दुकानाला आग लागली तरी काकू बारानंतरच विझवतील, असं इस्त्रीवाला म्हणायचा. मी एकदा वर्गाचा फोटो घेऊन गेले होते. फोटो भिंतीवर नेमका कुठे लावायचा ते शाळेत येऊन बघा म्हटलं, तर मलाही तेच. "बाई असाल तुमच्या शाळेत. बारानंतर." मला असा राग आला! फोटो उचलला आणि दुसरीकडून फ्रेम करून घेतली. खडूस बाई म्हणून मी त्यांच्यावर फुली मारली होती.

आता बटणकडे येते. बटण हे काही तिचं खरं नाव नव्हे. रडताना फ्रॉकचं वरचं बटण तोंडात धरायची, म्हणून मी ठेवलेलं. एवढीशी पोर, पण आवाज असा, की रस्त्यावरची माणसं थांबून बघायची. तिचे बाबा ट्रकवर, कधीमधी घरी. आई औषधाच्या दुकानात काउंटरवर. पहिल्या दिवशी आईला कामावर उशीर होत होता, पोर तिच्या पायाला चिकटून किंचाळत होती, आणि मी म्हणत होते, "ताई, सांगा तिला स्पष्ट. मी कामावर चालले, बाराला येते. रडू दे, मी आहे."

आईच्याने ते झालं नाही. होत नाही, मला माहीत आहे. तिने बटणला उचलून इथे, या भिंतीपाशी आणलं. भिंतीवर बोटांनी टकटक केलं आणि म्हणाली, "ऐक माझ्या राजा, मी कुठ्ठे जात नाही. या भिंतीच्या पलीकडे बसून राहते. तुला आठवण आली की अशी टकटक कर. मीपण करीन."

मी डोळे मोठे केले, मान हलवली. उपयोग शून्य. पोरीने डोळे पुसले आणि भिंतीकडे बघत उभी राहिली. तेवढ्यात आई तिची नजर चुकवून सटकली. मी मनात म्हटलं, झालं! आता ही भिंत ठोकणार, कोणी ओ देणार नाही, आणि मग जो गोंधळ होईल तो मला निस्तरायचाय.

बटणने भिंत वाजवली. टक, टक.

आणि भिंतीतून आलं, टक, टक.

मला वाटलं, पलीकडे कोणी खिळाबिळा ठोकत असेल. चला, वेळेवर ठोकला, देवच पावला. पोर हसली, जागेवर जाऊन बसली आणि मणी ओवायला लागली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिने वाजवलं की पलीकडून वाजायचं. तिने जोरात वाजवलं तर जोरात, हळू तर हळू. कोणी खिळे ठोकणारा माणूस असं ठोकत नाही. माझ्या मनात कुठेतरी खुट्ट झालंच. आई मात्र खूश. "बघा बाई, तुम्ही उगाच घाबरवत होता. कशी रुळली!"

रुळली खरी. पण कुठे रुळली, ते हळूहळू दिसायला लागलं. खेळायला बाहेर काढलं तर फाटकाकडे बघायची नाही, भिंतीकडे पळायची. डब्यातला अर्धा घास भिंतीच्या पायथ्याशी ठेवायची, "आईला." एकदा मी सगळ्यांना आपापली आई काढायला सांगितली. पोरांनी काढल्या, कोणी बटाट्यासारखी, कोणी झाडाएवढी. बटणने कागदभर करडा रंग फासला आणि मधोमध एक हात काढला. नुसता हात. "बाकीची कुठेय गं?" म्हटलं. "आत," ती म्हणाली.

मग एके दिवशी बाराला आई घ्यायला आली. हात पुढे करून, "चल राजा." बटणने तिच्याकडे असं पाहिलं, जसं आपण अनोळखी पाहुण्याकडे बघतो. आणि शांतपणे म्हणाली, "तू नको. तू बाहेरून आलीस. माझी आई आत आहे."

आईचा चेहरा खर्रकन उतरला. कसंबसं हसली. दुसऱ्या दिवशी मला बाजूला घेऊन रडायलाच लागली बिचारी. घरी पोर भिंती वाजवत फिरते म्हणे. न्हाणीघराची, स्वयंपाकघराची, पलंगामागची. कुठूनच उत्तर आलं नाही, की "आईकडे जायचंय" म्हणून रडते. आणि रडते कुठे? आईच्याच मांडीत बसून. "बाई, मी तिला कवटाळून बसलेली असते आणि ती मलाच म्हणते, मला आईकडे ने. काय करू हो मी?"

"खरं सांगा तिला," मी म्हटलं.

"आत्ता? आत्ता सांगितलं तर माझ्यावरचा उरलासुरला विश्वासही जाईल."

त्यात काय खोटं होतं म्हणा. तिची पोर तिच्या डोळ्यांदेखत दुसऱ्या कोणाची तरी होत चालली होती, आणि ती दुसरी कोण, हेही तिला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. त्या दिवशी सगळी पोरं गेल्यावर मी भिंतीपाशी उकिडवी बसले, अगदी बटणच्या उंचीला. तिथे एक जुनं भोक आहे, पूर्वी कसली तरी वायर गेली असावी. माझं बोटही जाणार नाही एवढंसं. मी कान लावला. काही नाही. कान काढणार, एवढ्यात आतून आवाज आला. बाईमाणसाचा, अगदी मऊ.

"बाळा, मी इथेच आहे हं. कुठ्ठे जात नाही."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मी भूतबीत मानणारी नाही. सगळ्या गल्लीत माझ्याइतकी रोखठोक बाई शोधून सापडायची नाही. पण सांगते, त्या दिवशी वर्गाला लावलेलं कुलूप मी परत येऊन दोनदा ओढून बघितलं.

घरी जाऊन डोकं ताळ्यावर आलं. भिंतीपलीकडे काय आहे, हा साधा प्रश्न मी इतके दिवस स्वतःला विचारलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी डब्याच्या सुट्टीत वर्ग मावशींवर सोपवला. मावशी म्हणजे आमच्या शाळेतल्या मदतनीस, हात धुणं, नाक पुसणं सगळं त्याच बघतात. आणि मी निघाले. इस्त्रीवाल्याच्या कोपऱ्यावरून वळसा, मग गल्ली, आणि चालत चालत पोचले कुठे, तर फ्रेमवाल्या काकूंच्या दारात.

आत एकच दिवा. बाकी सगळीकडे चेहरे. फ्रेम करायला टाकलेले आणि पुन्हा कोणी न्यायलाच न आलेले फोटो काकूंनी भिंतींवर लावून ठेवले होते. कोणाचे आजोबा, कोणाची तरुण बहीण, गणवेशातलं एक पोर. सगळे दाराकडे बघत होते, आपलं कोणी आलं का म्हणून. फक्त शाळेकडची भिंत मोकळी होती. तिच्यावर एकही फोटो नव्हता, आणि खाली, लहान मुलाच्या खांद्याइतक्या उंचीवर, रंग घासून घासून गेलेला. काकू तिथेच बाकड्यावर बसल्या होत्या, हातात हातोडी.

"या बाई. कधीतरी याल, वाटलंच होतं."

"काकू, तुम्ही भिंतीतून कोणाशी बोलता?"

"कोणाशी म्हणजे? माझ्या मुलीशी." आणि हातोडीचा दांडा त्यांनी भिंतीकडे केला, जसं आपण शेजारच्या खोलीकडे करतो.

मग त्यांनी सांगितलं. रडल्या नाहीत, आवाजही चढवला नाही. मुलगी आमच्याच शाळेत होती, याच वर्गात, मी इथे यायच्या कितीतरी आधी. शाळेत येताना आकांत करायची. तेव्हा काकूंनीही तिला तेच सांगितलं होतं: मी भिंतीपलीकडे आहे, वाजव, मी वाजवीन. फरक इतकाच, की काकू खरंच पलीकडे होत्या. मायलेकींचं बारापर्यंत चालायचं, टकटक, टकटक.

"एक दिवस काच संपली," काकू म्हणाल्या. "गिऱ्हाईक डोक्यावर बसलं होतं. म्हटलं, तिला सांगायला शाळेत गेले तर पाय धरून रडत बसेल. अस्सं जाऊन अस्सं येते. काही न सांगता गेले. तेवढ्यात तिने वाजवलं असणार. एकदा, दोनदा. उत्तर येत नाही म्हटल्यावर मला शोधायला निघाली. तेव्हा तुमच्या फाटकाला कडी नव्हती, बाई. मी काच घेऊन परत येत होते, तर रस्त्यावर ही गर्दी. लोक मला म्हणत होते, जाऊ नका पुढे. मला काच खाली ठेवायचंसुद्धा सुचलं नाही."

बारानंतर, बारानंतर म्हणून ज्या बाईवर मी फुली मारली होती, ती का उठत नव्हती ते आता कळत होतं.

"तेव्हापासून शाळेच्या वेळात मी उठत नाही. न जाणो, वाजवलं तर? इतकी वर्षं कान लावून बसले, काही नाही. आणि यंदा शाळा सुरू झाली त्याच दिवशी, बाई, तिने वाजवलं." काकूंचा चेहरा असा उजळला, की बघवेना.

सांगणं भाग होतं. मी म्हटलं, "काकू, ती तुमची मुलगी नाही. माझ्या वर्गातली पोर आहे एक, चांगली धडधाकट. तिच्या आईने तिला थाप मारलीय, की ती भिंतीपलीकडे बसते म्हणून."

काकू म्हणाल्या, "आणि रविवारी?"

"रविवारी काय?"

"रविवारीही वाजवते ती."

रविवारी शाळेला कुलूप असतं आणि किल्ली माझ्या घरी खुंटीला. एकट्या माणसाच्या कानांना काय, काहीही ऐकू येतं, अशी मी स्वतःची समजूत घातली. तोंडाने काही बोलणार, एवढ्यात वाजलं. टक, टक.

काकूंचा हात सवयीने वर गेला आणि तसाच राहिला. "मग ही कोणाला बोलावतेय?"

"तिच्या आईला. पण ती इथे नाही, काकू. ती औषधं विकतेय."

पुन्हा टकटक झालं, जरा घाईने. काकूंनी हातोडी मांडीवर ठेवली. इतक्या वर्षांनी मिळालेलं काहीतरी एका वाक्यात काढून घेतल्यावर माणूस जसं बसेल, तशा बसून राहिल्या. पुन्हा वाजलं, खूप वेळ. मग थांबलं.

काकू ताडकन उठल्या. "बाई, ती थांबली."

"कंटाळली असेल."

"अहो, थांबली म्हणजे निघाली!"

आणि ती बाई धावली. अनवाणी, मांडीवरचा भुसा उधळत, बाकडं उलटं पाडून. बाराची घंटा व्हायला कितीतरी अवकाश होता. इस्त्रीवाला इस्त्री हातात धरून नुसता बघत राहिला. मी त्यांच्यामागून धावत होते. कोपरा वळलो, तर शाळेसमोर पाण्याचे कॅन देणाऱ्याची गाडी उभी आणि फाटक सताड उघडं. कडी असून काय उपयोग, लावायला नको? आणि बटण पदपथाच्या कडेला. एक पाय खाली रस्त्यावर ठेवलेला, तोंडात फ्रॉकचं बटण, इकडेतिकडे बघत. समोरून बस येत होती.

काकूंनी तिचा फ्रॉक मागून धरला आणि ओढली. दोघी धाडकन पदपथावर बसल्या. बस हॉर्न वाजवत गेली. मी फाटकाला धरून उभी.

बटणने मान वळवून काकूंकडे पाहिलं. "तू कोण?"

"मी होय? मी फ्रेमवाली," काकू म्हणाल्या. त्यांचे दात वाजत होते.

"माझी आई वाजवत नाहीये," बटण म्हणाली, आणि तिचा ओठ वाकडा झाला.

मी मावशींवर ओरडले, कॅनवाल्यावर त्याहून जास्त ओरडले. मावशींनी सगळी पोरं अंगणात काढून मोजली, वर्गाला कुलूप घातलं आणि फाटकाची कडी लावून स्वतः तिला पाठ टेकून उभ्या राहिल्या. हे लक्षात ठेवा. वर्गात कोणी नव्हतं. काकू काही केल्या बटणचा हात सोडेनात, आणि त्यांचं दुकान तर सताड उघडं. म्हणून आम्ही तिघी दुकानात आलो आणि मी आईला फोन केला. ती औषधाच्या दुकानातला पांढरा कोट न काढताच धावत आली. दारात एवढे चेहरे बघून क्षणभर दचकली, मग काउंटरवर बसलेली आपली पोर दिसली तशी तिच्यावर झेपावली.

बटणने तिला हाताने थांबवलं. मोकळ्या भिंतीकडे बघितलं, मग आईकडे. "तू भिंतीत नव्हतीस?"

आईने माझ्याकडे पाहिलं. तिचं तिलाच बोलायचं होतं.

"नव्हते," ती म्हणाली. "मी खोटं बोलले, राजा. मी कामावर जात होते. तू रडशील म्हणून सांगितलं नाही."

"रोज?"

"रोज."

बटणने फाडकन तिच्या गालात मारली. आणि मग तिच्या गळ्यात पडून असं भोकाड पसरलं, की भिंतीवरच्या काचा थरथरल्या. पण रडताना म्हणत काय होती? "आई, आई." तिलाच, जिला 'तू नको' म्हणाली होती! आईसुद्धा रडत होती, मीही डोळे पुसत होते, आणि काकू आपलं बाकडं उभं करत होत्या. खालच्या मानेनेच म्हणाल्या, "चला. म्हणजे माझी कोणी नव्हतीच पलीकडे."

तेव्हा वाजलं.

टक, टक.

आम्ही सगळ्या जिथल्या तिथे थिजलो. पोरं अंगणात होती, मला त्यांचा कलकलाट लांबून ऐकू येत होता. वर्गाला कुलूप होतं. बटणने आईच्या खांद्यावरून डोकं वर केलं, भिंतीकडे बघितलं आणि नाक ओढत म्हणाली, "ती मी नाही."

काकूंच्या तोंडावरचा रंग उडाला. हातोडीकडे त्यांचा हात गेला, पण त्यांनी ती उचलली नाही. हळूहळू भिंतीपाशी गेल्या, खाली बसल्या, आणि रंग गेलेल्या जागेवर पूर्ण तळवा टेकवला. आपण झोपलेल्या पोराच्या पाठीवर ठेवतो ना, तसा. मग बोलल्या, आणि किती साध्या आवाजात बोलल्या म्हणून सांगू!

"बाळा, काच संपलीय. मी बाजारात काच आणायला जातेय. मी गेले की इथे कोणी वाजवणार नाही. तू वर्गात बस, बाईंजवळ बस. बाहेर येऊ नको. मी येते."

पलीकडून एकदाच आलं. टक. लहान मुलं 'बरं' म्हणतात ना, तेवढंसं.

काकू उठल्या. पिशवी घेतली, चपला घातल्या. दारात क्षणभर थांबल्या, पोहता न येणारा माणूस पाण्याच्या कडेला थांबतो तशा, आणि गल्लीत उतरून बाजाराकडे चालू लागल्या. मी त्यांना कोपऱ्यापर्यंत बघत राहिले. मग कितीतरी वेळाने आमची बाराची घंटा झाली.

आता काकू सकाळीही बाजारात दिसतात. मोठा आरसा असला तर बाहेर येऊन बघतात, इस्त्रीवाल्याशी हुज्जत घालतात. जायच्या आधी भिंतीला सांगून जातात, हे मात्र खरं. उत्तर येतं का, ते मी विचारत नाही आणि त्या सांगत नाहीत. बटण त्यानंतर आठवडाभर रोज फाटकात रडली, अगदी जीव तोडून. आईही रडायची, पण सांगून जायची, आणि बाराला यायची. मग एक दिवस बटण म्हणाली, "जा. बाराला ये," आणि मागे न बघता आत आली. आईच मागे वळून वळून बघत होती.

झालं. एवढंच सांगायचं होतं. डबा कोणता द्यायचा, चपला कोणत्या घालायच्या, ते तुमचं तुम्हाला कळतं. उद्या फाटकात उभं राहायचं, पोराच्या डोळ्यांत बघायचं, कुठे जाताय ते सांगायचं, केव्हा येणार ते सांगायचं. पोर रडेल. पायाला मिठी मारेल. तुमचं काळीज तुटेल, तुटू दे, मी आहे पोराजवळ. पण 'इथेच बाहेर बसलेय' म्हणाल, तर माझ्याशी गाठ आहे.

तुम्ही बाबा, शेवटच्या ओळीतले, हसताय ते दिसतंय मला. हसा. खुर्ची मात्र परत भिंतीला टेकवू नका. न सांगता गेलेल्या आईला पोर किती वर्षांनीही बोलावतं, ते मी या कानांनी ऐकलंय.